उपकरणाची परीक्षा : हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग आणि त्यापुढील वाटचाल

रुग्णालयात दाखल झालेला मनुष्य आपला जीव वैद्याच्या हाती सोपवतो, असे म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. वैद्याच्या हाती जी साधने असतात, त्यांच्यावरही रुग्णाचा जीव तितकाच अवलंबून असतो. तापमापक एक अंश चुकला, रक्तदाबाचे यंत्र खोटे बोलले, प्राणवायूच्या नळीची जोडणी सैल राहिली, तर निष्णात वैद्याचे ज्ञानही वाया जाते. म्हणूनच उपकरण वापरात आणण्यापूर्वी ते सुरक्षित आहे काय, आणि ज्या कामासाठी ते बनविले ते काम ते खरोखर करते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळविणे हे आरोग्यसेवेचे एक मूलभूत अंग मानले जाते.

हे प्रश्न विचारण्याची रीत एका दिवसात निर्माण झाली नाही. ती अनेक चुकांतून, वादांतून व दुर्घटनांतून घडली. तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण हैदराबाद शहरात, गौलीगुडा वस्तीच्या शेजारी घडले. मराठी वाचकांना ते जवळचे वाटावे असे आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे घटक होते आणि मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांना मोठ्या उपचारासाठी हैदराबाद हेच ठिकाण ठाऊक होते. गौलीगुडा, सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे.

मुसा नदीकाठचे रुग्णालय

गौलीगुड्याच्या एका बाजूस रेसिडेन्सीचा परिसर व सुलतान बाजार, तर दुसऱ्या बाजूस मुसा नदी आणि अफजलगंज. या अफजलगंजात १८६६ साली निजाम सरकारने एक रुग्णालय उभारले. त्यापूर्वीच, १८४६ साली, हैदराबादेत पाश्चात्त्य पद्धतीचे वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा सुरू झाली होती. १८८५ मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक म्हणून येथे आले. या शाळेची व रुग्णालयाची धुराही त्यांच्याकडे आली. एडिनबरो येथील शल्यचिकित्सक जेम्स साइम यांच्या पद्धतीचे ते अभिमानी होते आणि क्लोरोफॉर्म देण्याच्या साइम यांच्या रीतीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

याच शाळेत त्या काळात स्त्रियांनाही प्रवेश देण्यात आला. तेथे शिकून १८८९ मध्ये उत्तीर्ण झालेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेने पुढे अनेक वर्षे हैदराबादच्या रुग्णालयांत भूल देण्याचे काम केले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना केली जाते. अधिक शिक्षणासाठी १९०९ मध्ये त्या एडिनबरोला गेल्या होत्या.

भुलीचे वरदान आणि त्यासोबतची भीती

भुलीचा शोध लागण्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे असह्य यातनांचा प्रसंग असे. रुग्णाला चार माणसांनी धरून ठेवावे आणि शल्यचिकित्सकाने होईल तितक्या त्वरेने काम उरकावे, असा प्रकार होता. १८४६ मध्ये ईथरचा आणि नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला, तेव्हा मानवजातीला मोठे वरदान लाभल्याची भावना सर्वत्र पसरली. क्लोरोफॉर्म वासाला सौम्य, वापरण्यास सोपा व लवकर गुण देणारा होता. रुमालावर काही थेंब टाकले की काम होई.

तथापि जानेवारी १८४८ मध्येच, म्हणजे अवघ्या काही आठवड्यांत, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ एक पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्याच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत दगावली. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होत राहिले. ते क्वचितच, काही हजार रुग्णांत एखादा, या प्रमाणात होत. पण जो रुग्ण जाई तो बहुधा तरुण, धडधाकट आणि साध्या कारणासाठी आलेला असे. मृत्यूचे कारण काय, यावर वैद्यांत दोन तट पडले. एडिनबरोच्या परंपरेतील वैद्य म्हणत की क्लोरोफॉर्मची मात्रा जास्त झाली तर आधी श्वास थांबतो. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवावे म्हणजे पुरे. लंडनमधील वैद्य म्हणत की काही वेळा हृदयच अचानक बंद पडते. म्हणून नाडीवर बोट हवेच.

या वादाला उपकरणाची बाजूही होती. लंडनचे जॉन स्नो यांनी वाफेचे प्रमाण ताब्यात ठेवणारे श्वसन-उपकरण बनविले होते. जोसेफ क्लोव्हर यांनी १८६२ मध्ये एका मोठ्या पिशवीत हवा व क्लोरोफॉर्म यांचे मोजून केलेले मिश्रण भरण्याची युक्ती काढली. त्या मिश्रणात क्लोरोफॉर्मची वाफ साडेचार टक्क्यांहून अधिक होऊ नये अशी योजना होती. एडिनबरोकडील मंडळी मात्र साध्या रुमालावर समाधानी होती. अनुभवी हात असताना यंत्र कशाला, असा त्यांचा सवाल होता.

दोन आयोग

डॉ. लॉरी यांनी हा वाद प्रयोगाने मिटवावा असे ठरविले. १८८८ मध्ये पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमण्यात आला. त्याने कुत्र्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो आणि हृदय त्यानंतर बंद पडते. लंडनच्या ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या निष्कर्षावर शंका घेतली. त्यावर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंडांची रक्कम देऊ केली आणि ‘लान्सेट’ने आपला प्रतिनिधी पाठवून प्रयोग समक्ष पाहावेत व तपासावेत, असे आवाहन करण्यात आले. ‘लान्सेट’ने औषधशास्त्रातील नामवंत संशोधक टॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठविले.

एखाद्या राज्यकर्त्याने वैद्यकीय सुरक्षिततेच्या प्रश्नासाठी विरोधी मताच्या तज्ज्ञाला स्वखर्चाने बोलावून घ्यावे, ही घटना त्या काळी विलक्षण होती. परीक्षा घेणारा हा परीक्षिल्या जाणाऱ्या गोष्टीचा पक्षपाती नसावा, हे तत्त्व त्यामागे होते. आजही उपकरणांच्या चाचणीत हे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे समजले जाते.

दुसऱ्या आयोगाचे काम १८८९ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चालले. डॉ. लॉरी अध्यक्ष होते. ब्रंटन यांच्यासह डॉ. बॉमफर्ड व डॉ. रुस्तमजी हे सदस्य होते. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे व ससे मिळून चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग करण्यात आले. त्यांतील अनेक प्रयोगांत प्राण्याच्या रोहिणीत नळी बसवून रक्ताचा दाब फिरत्या कागदावर सतत आलेखित करण्यात आला. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची सोपी रीत तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये आणली. ब्रंटन हैदराबादेत आले तेव्हा त्यांचे मत लॉरी यांच्या विरुद्ध होते. प्रयोग पाहून ते बदलले. धोका गुदमरण्याचा किंवा अतिमात्रेचा आहे, थेट हृदयाला नाही, असे त्यांनी लंडनला कळविले. १८९० मध्ये आयोगाचा अहवाल ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि हैदराबादचे नाव जगातील वैद्यकीय वर्तुळात पोहोचले.

उपकरणावरील आयोगाचा अभिप्राय

आयोगाने भूल देणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक नियम दिले. रुग्ण निजलेला असावा, गळ्याभोवतीचे व छातीवरचे कपडे सैल असावेत, श्वास मोकळा चालावा, श्वास अडखळताच क्लोरोफॉर्म दूर करावा व गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा, आणि रुग्ण पूर्ण भुलीत जाईपर्यंत शस्त्रक्रियेस हात घालू नये, असे ते होते.

उपकरणासंबंधीचा नियम विशेष विचार करण्याजोगा आहे. आयोगाच्या मते यंत्राची गरज नव्हती. उलट ते टाळणेच इष्ट होते. चेहऱ्यावर घट्ट बसणारे उपकरण थोडेफार तरी गुदमरविते, आणि त्याच्याकडे पाहण्यात भूल देणाऱ्याचे लक्ष रुग्णावरून उडते, अशी दोन कारणे आयोगाने दिली. त्याऐवजी टोकाशी थोडा कापूस घातलेली, खालून उघडी अशी शंकूच्या आकाराची टोपी वापरावी, असे सुचविण्यात आले.

यातील दुसरे कारण आजही तितकेच खरे आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी ते हाताळणाऱ्याचे लक्ष रुग्णावरून आपल्याकडे ओढून घेत असेल, तर तो यंत्राचा दोष समजावा लागतो. अतिदक्षता विभागात सतत वाजणाऱ्या अनेक यंत्रांच्या घंटांमुळे खऱ्या धोक्याची घंटा दुर्लक्षिली जाते, ही अडचण आधुनिक रुग्णालयांनाही भेडसावते.

निष्कर्ष कोठे अपुरा पडला

इतके परिश्रम होऊनही हैदराबादचा मुख्य निष्कर्ष टिकला नाही. १८९३ मध्ये केंब्रिजचे गॅस्केल व शोअर यांनी वेगळ्या पद्धतीच्या प्रयोगांनी दाखविले की क्लोरोफॉर्मचा हृदयावर प्रत्यक्ष परिणाम होतो. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी तर अधिक धक्कादायक गोष्ट सिद्ध केली. हलक्या क्लोरोफॉर्म भुलीत असलेल्या मांजराला अ‍ॅड्रेनॅलिन दिले, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते केवळ थरथरत राहते आणि मृत्यू ओढवतो. भीती, धडपड व वेदना यांच्या वेळी हेच द्रव्य शरीरात आपोआप स्रवते. म्हणजे घाबरलेला, अर्धवट भुलीत असलेला रुग्ण हाच सर्वाधिक धोक्यात होता. किरकोळ शस्त्रक्रियेत धडधाकट माणसे का दगावत, या कोड्याचा उलगडा त्यातून झाला.

मग चारशेहून अधिक प्राण्यांवरील प्रयोगांत हे का दिसले नाही? त्याची कारणे शाळेतील विद्यार्थ्यांनाही समजावून देता येतील अशी आहेत.

पहिले कारण गणिताचे आहे. जी दुर्घटना काही हजारांत एकदा घडते, ती चारशे प्रयोगांत दिसण्याचा संभव थोडाच असतो. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा आडाखा आहे. समजा, एखादी चाचणी अमुक इतक्या वेळा केली आणि अपघात एकदाही झाला नाही, तर तीनला त्या संख्येने भागावे. खरा धोका तेवढ्यापर्यंत असू शकतो. चारशे चाचण्यांत एकही अपघात न झाल्यास धोका शून्य आहे असे ठरत नाही. तो सुमारे एकशे तेहतीसांत एक इतकाही असू शकतो, एवढेच त्यावरून म्हणता येते. ‘अद्याप काही झाले नाही’ आणि ‘काही होणार नाही’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे.

दुसरे कारण परिस्थितीचे आहे. प्रयोगशाळेत बांधून ठेवलेला प्राणी आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर घाबरून गेलेला मनुष्य यांची अवस्था एकच नव्हे. अपूर्ण भुलीतील वेदनेचे प्रयोगही आयोगाने केले होते. पण अ‍ॅड्रेनॅलिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात उपलब्धच झाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही, तिची परीक्षा कोणालाही घेता येत नाही. म्हणूनच परीक्षा एकदा घेऊन भागत नाही. ज्ञान वाढेल तशी ती पुन्हा घ्यावी लागते.

तथापि एक गोष्ट आयोगाच्या बाजूने सांगितली पाहिजे. रुग्ण पूर्ण भुलीत जाईपर्यंत शस्त्र लावू नये, हा त्याचा नियम लेव्ही यांनी दाखविलेल्या धोक्यापासूनच रुग्णाला वाचवीत होता. सिद्धांत चुकला, पण नियम उपयोगी ठरला. श्वासाकडे अखंड लक्ष ठेवण्याची शिकवण तर भूलशास्त्रात कायमची रुजली.

मोजमापाचा विजय

उपकरण नको, या मताचाही पुढे पाडाव झाला. ब्रिटिश वैद्यक संघाने १९०१ मध्ये क्लोरोफॉर्मसाठी खास समिती नेमली. त्या कामातून व्हर्नन हारकोर्ट यांचे श्वसन-उपकरण पुढे आले. त्यात वाफेचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी रचना होती. अनुभवी हाताचा अंदाज आणि मोजलेली मात्रा यांत मोजलेली मात्रा अधिक भरवशाची, हे हळूहळू मान्य झाले. क्लोरोफॉर्म स्वतः कालांतराने वापरातून गेला. त्याच्यापेक्षा निर्धोक औषधे आली. भुलीची यंत्रे मात्र उत्तरोत्तर सुधारत गेली. एका वायूचे सिलिंडर दुसऱ्याच्या जागी चुकून बसू नये म्हणून प्रत्येक वायूसाठी ठरावीक ठिकाणी खुंट्या व छिद्रे ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. माणूस चुकणार हे गृहीत धरून, ती चूक घडूच शकणार नाही अशी रचना करणे, हा उपकरण-सुरक्षिततेचा आणखी एक मोठा नियम होय.

अफजलगंजच्या ज्या रुग्णालयाशी या प्रयोगांचे नाव जोडले गेले, त्याची जुनी इमारत २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला आलेल्या महापुरात नष्ट झाली. गौलीगुड्यासह नदीकाठच्या वस्त्यांची त्या दिवशी अपरिमित हानी झाली. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले सुमारे दीडशे लोक तेवढे वाचले, असे सांगितले जाते. पुढे सातव्या निजामांच्या कारकिर्दीत तेथे उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली.

परीक्षेला कायद्याची जोड

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांत विजेवर चालणारी यंत्रे झपाट्याने वाढली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. अमेरिकेत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने उपकरणांची तुलनात्मक परीक्षा करण्याचे काम हाती घेतले. आज ती एक्री या नावाने ओळखली जाते. १९७१ पासून तिने ‘हेल्थ डिव्हायसेस’ या नियतकालिकातून आपले निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. एका गर्भनिरोधक साधनामुळे अनेक स्त्रियांना इजा झाल्याचे उघडकीस आल्यावर १९७६ मध्ये अमेरिकेने वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद केली. १९७७ मध्ये विद्युत वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम प्रसिद्ध झाले.

भारतात मानकांचे काम १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेकडे होते. १९८७ पासून ते भारतीय मानक ब्यूरोकडे आले. किरणोत्सर्गाच्या सुरक्षिततेसाठी १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. क्ष-किरण यंत्र बसविण्यासाठी व चालविण्यासाठी या मंडळाची अनुमती आवश्यक असते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा मूलतः औषधांसाठी होता. १९८९ मध्ये एकदाच वापरावयाच्या सिरिंज व सुया त्याच्या कक्षेत आल्या. २००५ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविण्याचे स्टेंट आणि हृदयाच्या झडपा यांसारख्या काही उपकरणांची भर पडली. १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अमलात आले. धोक्याच्या प्रमाणानुसार उपकरणांचे चार वर्ग करण्यात आले. कमी धोक्याच्या दोन वर्गांतील उपकरणांच्या उत्पादनाचा परवाना राज्य शासनाचे परवाना अधिकारी देतात. अधिक धोक्याच्या दोन वर्गांचा परवाना केंद्रीय यंत्रणा देते. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या व्याख्येत आली आणि त्यांना टप्प्याटप्प्याने परवान्याची सक्ती झाली.

या वाटचालीत भारतीय संशोधकांनीही परीक्षेचा कस सोसला आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वल्याथन यांच्या नेतृत्वाखाली कृत्रिम हृदय-झडप तयार करण्याचे काम अनेक वर्षे चालले. आधीचे तीन नमुने चाचण्यांत उणे ठरले. चौथा नमुना कसोटीस उतरल्यावरच, ६ डिसेंबर १९९० रोजी, ती प्रथम रुग्णाला बसविण्यात आली. प्रयोगशाळेत तुटलेल्या प्रत्येक झडपेमागे एखाद्या रुग्णाचा वाचलेला जीव उभा असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे अशा अपयशाचे मोल कळते.

घरोघरी पोहोचलेले उपकरण

कोविडच्या साथीत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर खेडोपाडी पोहोचला. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून राबविण्यात आलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्यपथके तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी गेली. या उपकरणाचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधले. बोटातून जाणाऱ्या प्रकाशावरून ते रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविते.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने असे दाखविले की, कृष्णवर्णी रुग्णांत प्राणवायू प्रत्यक्षात कमी असताना यंत्राने तो पुरेसा दाखविण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होते. त्वचेच्या रंगाचा परिणाम ध्यानी घेऊन यंत्राची पुरेशी पारख झालेली नव्हती. हैदराबादचाच धडा येथे पुन्हा समोर येतो. ज्यांच्यावर उपकरण वापरावयाचे, तशाच माणसांवर व तशाच परिस्थितीत त्याची परीक्षा झाली पाहिजे. सावळ्या वर्णाच्या आपल्या समाजासाठी हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, हे सांगावयास नको. म्हणून ऑक्सिमीटरवरचा आकडा चांगला असला तरी रुग्णाला धाप लागत असेल, बोलताना दम तुटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर आकड्यावर विसंबू नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. श्वासाकडे पाहा, ही लॉरी यांची शिकवण येथे उपयोगी पडते.

तपासणी ही नित्याची गोष्ट

चांगले उपकरण विकत घेतले की जबाबदारी संपली, ही समजूत घातक आहे. गौलीगुड्यातीलच एक उदाहरण घेता येईल. तेथील अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या प्रचंड छपराखाली अनेक दशके बसस्थानक चालत असे. हे छप्पर निजामाच्या काळातले. जुलै २०१८ मध्ये ते कोसळले. बांधकाम कमकुवत झाल्याचे लक्षात आल्याने काही दिवस आधीच तेथील वाहतूक बंद करण्यात आली होती. त्यामुळे प्राणहानी टळली. वेळेवर केलेली पाहणी आणि तिच्यावर वेळेवर घेतलेला निर्णय यांचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

सर्वच ठिकाणी असे सुदैव लाभत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. ज्या कक्षात अनेक विद्युत उपकरणे अहोरात्र चालतात, तेथील वायरिंग, प्लग, अग्निशमन साधने व यंत्रे यांची तपासणी ही औपचारिकता राहू शकत नाही, हे त्या घटनेने सर्वांना शिकविले. २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत सार्वजनिक रुग्णालयांतील उपकरणांची मोजदाद झाली, तेव्हा निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली. त्यानंतर देखभालीसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्याच वर्षी उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत तो चालविला जातो.

कोणी काय करावे

ग्रामस्थांनी तापमापक, रक्तदाबमापक किंवा साखर तपासण्याचे यंत्र घेताना परवाना क्रमांक व उत्पादकाचा पत्ता पाहावा, पावती घ्यावी. घरचे रक्तदाबाचे यंत्र वर्षातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तेथील यंत्राशी ताडून पाहावे. दंडाला पट्टा नीट बसला पाहिजे. पट्टा अरुंद असेल तर दाब वाजवीपेक्षा जास्त दिसतो आणि नसलेल्या रोगाचे औषध सुरू होते. सुई व सिरिंज आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते ना, हे विचारण्यात संकोच करू नये.

आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. ते कधी आले, कधी तपासले, कधी बिघडले व कोणी दुरुस्त केले, हे त्यात असावे. बिघडलेले यंत्र कोपऱ्यात न ठेवता त्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावावी. उपकरणामुळे रुग्णास अपाय झाल्याचा संशय आला तर तो दडवू नये. वरिष्ठांना व संबंधित यंत्रणेला कळवावा. अशी नोंद म्हणजे कोणावर ठपका ठेवणे नव्हे. काही हजारांत एकदा होणारा अपघात एका केंद्राच्या अनुभवातून कधीच कळत नाही. हजार केंद्रांच्या नोंदी एकत्र आल्या तरच तो उघड होतो.

शिक्षकांना या विषयात मोठे कार्य करता येईल. दोन-तीन तापमापके एकाच कोमट पाण्यात बुडवून त्यांचे आकडे फळ्यावर मांडले, तरी मोजमाप म्हणजे काय आणि त्यात चूक कशी येते हे मुलांना कळेल. ‘मला अनुभव आहे’ हे विधान आणि ‘मी मोजून पाहिले’ हे विधान यांतील फरक लहानपणीच मनावर ठसला, तर पुढे वैद्य, तंत्रज्ञ, अधिकारी किंवा केवळ जागरूक नागरिक होताना तो कामी येईल.

हैदराबादच्या आयोगाने १८८९ मध्ये दिलेले उत्तर आज ग्राह्य नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र आजही तितकाच आवश्यक आहे. विरोधी मताच्या जाणकाराला समक्ष बोलावून, सर्वांदेखत परीक्षा घेण्याची त्याची रीतही अनुकरणीय आहे. रुग्णाच्या शरीराला लागणारे प्रत्येक साधन तपासलेले असावे, पुन्हा तपासले जावे आणि तपासणीचा निकाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, सर्वांना ठाऊक व्हावा, एवढे जरी प्रत्येक गावाने व प्रत्येक रुग्णालयाने कटाक्षाने पाळले, तरी अनेक घरांवरील टाळता येण्याजोगे संकट टळेल.